खानापूरची मातीची हंडी, दोन महिने वापरून (आणि एका ॲनिव्हर्सरीच्या जेवणासकट)

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचात चार. एक मार्क झाकणाला कापलाय, ते पुढं येईलच.

पण सुरुवात मागच्या वर्षीपासनं करायला लागेल. लग्नाच्या वाढदिवसाला मी हौसेनं ऑनलाईन एक ‘कपल डिनर किट’ मागवलं होतं, चौदाशे रुपये, दोघांसाठी घरच्या घरी इटालियन वगैरे. कंपनीचं नाव घेत नाही, कशाला उगाच. जेवण ठीक होतं, पास्ता पास्तासारखा. पण जेवून उठल्यावर ओट्याकडं बघतोय तर 19 पाकिटं, मोजली मी, एका पाकिटात दोन चमचे मीठ, एकात चिमूटभर ओरेगॅनो, बर्फाच्या जेलच्या दोन पिशव्या, थर्माकोलचा डबा आणि एका प्लॅस्टिकच्या डबीत झोपवलेली कसल्यातरी पाल्याची एकच काडी. ही एवढंच म्हणाली, “जेवलो दोघं आणि कचरा आठ जणांचा.” तो सगळा माल सकाळी गाडीतनं तुरमुरीच्या कचरा डेपोला गेला. तिथल्या लोकांनी आपल्या बेळगावच्या कचऱ्यापायी काय काय काढलंय ते पेपरात वाचतोच की आपण, आणि त्यात माझ्या रोमान्सची भर.

म्हणून यंदा म्हटलं जेवण घरीच करायचं, सामान हितलंच आणि कचरा निघालाच तर तो झाडाच्या बुडात घालण्यासारखा.

जानेवारीत नंदगडला पाहुण्यांकडं गेलो होतो, येताना खानापुरात थांबलो. खानापूरची माती म्हणजे नवीन काय सांगायचं, कौलं तिथलीच, मडकी तिथलीच, खादी ग्रामोद्योगचं मातीकाम शिकवायचं सेंटर पण तिथंच आहे. रस्त्याकडेला एक मावशी मांडून बसल्या होत्या, माठ, कुंड्या, चुली, पणत्या, मागं दोन-अडीच लिटरच्या हंड्या. दोनशे वीस सांगितलं, एकशे ऐंशीला दिली. मी उद्यमबागला लोखंड ओतायच्या फाउंड्रीत आहे, बावीस वर्षं वाळू, ओल आणि तापमान ह्यांच्याशीच संसार, त्यामुळं हंडी हातात आली की बोटाचं पेर मारून आवाज बघितलाच. खण्ण वाजली तर चांगली, भद्द वाजली तर कुठंतरी केसभर चीर आहे समजायचं, कास्टिंगला हातोडी मारून आम्ही तेच करतो. मावशी हसल्या, म्हणाल्या चार वाजवून बघा आणि न्या. मी तिसरी घेतली. त्यांनी भाताच्या पिंजरात, म्हणजे वाळल्या पेंढ्यात, गुंडाळून जुन्या पेपरात बांधून दिली, टेप नाही बबल शीट नाही. अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलत होत्या, शेवटी बोट वर करून दोनदा म्हणाल्या, “गॅस मोठा लावू नका बघा. निधान, निधान.” म्हणजे कन्नडमध्ये सावकाश, सावकाश.

ऐकलं का मी? नाही.

घरी येऊन नुसती धुतली, पाणी घातलं, मोठ्या गॅसवर ठेवली आणि क्रिकेट बघत बसलो. पाणी आटलंय दिसल्यावर वरनं नळाचं गार पाणी ओतलं. टक्क. एवढाच आवाज, आणि बर्नरवर पाण्याचा ओघळ. मला लाज वाटली ती ह्याची की हेच मी नवीन पोरांना रोज शिकवतो, की मोल्डमध्ये ओल राहिली की कास्टिंगला भोकं पडतात, गरम वस्तू एकदम गार केली की चिरते. ही हंडी आव्यात आठ-नऊशे डिग्रीला भाजलेली, आमच्या चौदाशेच्या लोखंडापुढं ती कच्चीच म्हणायची, आतनं बारीक बारीक भोकं राहिलेली असतात, त्यात पाणी बसतं. त्याची वाफ सावकाश बाहेर पडायला पाहिजे. ती पहिली हंडी आता गॅलरीत आहे, चिरेतनं पाणी आपोआप निघतं म्हणून कोथिंबीर लावलीय, झकास आलीय. (म्हणजे हंडी फुटली तरी वाया जात नाही, हा पॉइंट रिव्ह्यूत धरा.)

दुसरी आणायला पुढच्या रविवारी परत पंचवीस किलोमीटर. ह्या खेपेला सगळं रीतसर केलं. एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून ठेवली, पहिल्यांदा तासभर नुसते बुडबुडे येत होते. मग सावलीत सुकवून तांदळाची पातळ पेज आत घालून बारीक गॅसवर अर्धा तास उकळवली, तशीच गार होऊ दिली. पेजेतली खळ त्या भोकांत जाऊन बसते आणि झिरपणं कमी होतं. कमी होतं म्हटलंय, बंद नाही, पहिले आठ-दहा दिवस खाली ओलसर गोल उठतोच, टेबलावर ठेवणार असाल तर खाली ताट ठेवा, आमच्या टेबलक्लॉथवर अजून तो गोल आहे.

आता वाढदिवस. फेब्रुवारीतला, पोरगीला दुपारीच आज्जीकडं शहापूरला सोडली. मेनू: हंडीतला अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, बेळगाव बासमतीचा पांढरा भात, रताळ्याचे काप आणि शेवटी गोड म्हणून आपला बेळगावचा कुंदा. नवीन मसूर निघायला अजून पंधरा दिवस होते म्हणून येळ्ळूरच्या मित्राकडची मागच्या सुगीची आणली. भात काढल्यावर आपल्या येळ्ळूर-शहापूर-वडगावच्या काळ्या शिवारात जी ओल राहते तिच्यावर येणारी मसूर, दाणा बारीक पण चव अशी की नुसत्या मिठावर खावी. तांदूळ पण त्याच शिवारातला. बायपास रस्त्यासाठी जमिनी घ्यायच्या भानगडीत त्या शिवाराचं पुढं काय व्हायचं ते होऊ दे, आज तरी तांदळाचा वास सगळ्या घरात सुटतोय.

बाजारला तीन कापडी पिशव्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन गेलो. गणपत गल्लीत पोरीसोरी व्हिडिओ काढत असतात, त्यात मी डबा हातात घेऊन. भाजीवाल्या आज्जीकडनं कोथिंबीर, कांदे, टोमॅटो, शिवरात्र जवळ आली म्हणून रताळी सगळीकडं होती, ती बेळगुंदीकडची घेतली, माती लागलेली. धुऊन ठेवलेली चकचकीत रताळी घेऊ नका, मातीची जास्त टिकतात. कुंद्याच्या दुकानात डबा पुढं केल्यावर काउंटरवरच्या माणसानं आधी माझ्याकडं, मग डब्याकडं बघितलं.

“डबा कशाला आणलासा? बॉक्स आहे की आमच्याकडं.”

“बॉक्स नको, ह्यातच द्या.”

“मग वजन?”

“डबा आधी ठेवा, तेवढं वजा करा.”

त्यानं रिकामा डबा ठेवला, काटा शून्यावर आणला, पाव किलो भरला, आणि मग एक तुकडा जास्तीचा टाकून म्हणाला बॉक्सचे पैसे वाचले ते तुमचे. कुंदा खरवडून खायची मजा डब्यातच आहे तसं बघितलं तर.

गजरा अबोलीचा, केळीच्या पानात बांधलेला. ते पान पण घरी आल्यावर धुऊन वापरलं.

आता मुख्य भाग. मसूर सहा तास भिजवली. हंडी बारीक गॅसवर, पाच मिनिटांनी जरा वाढवला, ह्याच्या वर जायचंच नाही. तेल, मोहरी, चिरलेला कांदा चांगला लाल होईपर्यंत, मग वाटण, त्यात सुकं खोबरं, लसूण, तीळ, संकेश्वरी मिरची आणि कोथिंबिरीच्या काड्या, मुळांसकट. काड्या फेकून देणाऱ्यांचं मला कळत नाही, सगळा वास तिथंच असतो. मग मसूर आणि पाणी, पाणी गरमच. टोमॅटो ह्या स्टेजला घालू नका, आंबट आधी पडलं की कडधान्य शिजायला रुसून बसतं, मसूर मऊ झाल्यावर घाला.

आणि हितं एक खरं सांगतो, मातीच्या भांड्यात गॅस वाचतो म्हणून जे फॉरवर्ड फिरतात ते मनावर घेऊ नका. कुकरला हीच मसूर बारा मिनिटांत होते. हंडी गॅसवरच ठेवून शिजवाल तर तिप्पट वेळ लागेल. हंडी तापायला वेळ घेते, पण तापली की सोडत नाही, तिचा फायदा घ्यायचा असेल तर गॅस आधी बंद करायला शिकलं पाहिजे. मी काय केलं, वीस-पंचवीस मिनिटं नीट उकळी दिली, गॅस बंद, झाकण, आणि मावशींनी बांधून दिलेलं ते पिंजर मी ठेवलं होतं, ते प्लॅस्टिकच्या मोठ्या बादलीत खाली-बाजूला दाबून भरलं, मध्ये हंडी, वर परत पिंजर आणि सगळ्यावर आज्जीची जुनी वाकळ गुंडाळून खोलीत कॉटवर ठेवलं. जुन्या लोकांनी केलेलीच युक्ती आहे, मी काही शोध लावला नाही.

ही आत जाऊन आली. “कुणाला झोपवलासा खोलीत?”

“मसूर.”

“पोरगी गेली आज्जीकडं आणि तुम्ही आणखी एक आणून झोपवलासा होय.”

दीड तास. दर पंधरा मिनिटांनी “मी आता उघडून बघतो” म्हणून ही उठायची आणि मी मावशींसारखं बोट वर करून “निधान, निधान”. तेवढ्यात भाकऱ्या झाल्या, ती बडवत होती मी भाजत होतो, पहिल्या दोन माझ्यामुळं करपल्या त्या मीच खाल्ल्या. रताळी सालीसकट कापून तव्यावर तूप-गुळात. वाकळ काढली तेव्हा हंडी हातात धरवत नव्हती एवढी गरम, आणि मसूर बोटात चेपल्यावर लोणी पण दाणा अख्खा. मग टोमॅटो, मीठ, परत दहा मिनिटं बारीक गॅस, वरनं लसणाची फोडणी.

लाईट बंद करून दिवाळीतल्या पणत्या लावल्या, भजी तळून उरलेल्या तेलावर. वास जरा भज्यांचा येत होता, रोमँटिक म्हणायला तुमची हरकत असू शकते, आमची नव्हती. केळीच्या पानावर वाढलं. पहिल्या घासाला ही काही बोललीच नाही, दुसऱ्याला म्हणाली माझ्या आज्जीच्या चुलीवरच्यासारखं लागतंय, पुढं अकरा वर्षांत कधी न सांगितलेली त्या आज्जीची गोष्ट सांगत बसली, ती हितं लिहीत नाही. साडेअकरापर्यंत मसूर कोमट होती, परत गरम करायला लागली नाही. कुकरची असती तर साडेनऊलाच साय धरली असती.

कचरा सकाळी बघितला. कांद्या-लसणाची सालं, पान, गजरा, वाती. पान शेजारच्या गाईला, बाकी कुंडीत. प्लॅस्टिकची एकच पिशवी निघाली, ताकासाठी दही आणलं होतं त्याची, ते माझं चुकलं, घरी लावता आलं असतं. उरलेली मसूर रात्रीच स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजला टाकली, हंडीत ठेवू नका, भांडं वास धरून बसतं. सकाळी तीच मसूर ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठं झाली.

आता झाकण. हंडी आणि झाकण वेगवेगळं हातानं केलेलं, बसतच नाही नीट, एका बाजूनं फट राहते, उकळी आली की टकटक टकटक चालू. मी कणकेची पट्टी लावून बंद केलं, ती कणीक नंतर भाजून खाल्ली, पण रोज कोण करणार. घेताना हंडीवर तीन-चार झाकणं फिरवून बघा.

साबण लावायचा नाही, पोटात धरून ठेवतं आणि पुढच्या आमटीला फेस. मी डाळीचं पीठ आणि नारळाचा काथ्या वापरतो, गरम पाणी, मग उन्हात उपडी. एकदा घाईत ओली कपाटात ठेवली तर बुरशी आली होती, परत पेज उकळायला लागली. इंडक्शनवर चालत नाही. आणि बाजारात चकचकीत रंग नाहीतर पॉलिश मारलेली मिळतात, त्या स्वयंपाकाला नकोच, तसल्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. साधी, खडबडीत, हाताला माती लागल्यासारखी वाटते तीच घ्या. घाईची माणसं असाल, सकाळी सातला डबा करून कामाला पळायचं असेल, तर कुकरच बरा, हंडी रविवारची.

परवा सासूबाई आल्या होत्या, हंडीत आमटी होती. जेवल्या, हंडी उचलून बोटानं वाजवून बघितली, मला वाटलं कौतुक करतायत. जाताना पिशवीत हंडी. “तुम्ही आणाल की दुसरी, गाडी आहे तुमच्याकडं.” तर येत्या रविवारी परत खानापूर, ह्या खेपेला दोन आणतोय आणि झाकणं चार.