बलेनो आरएस: दुसऱ्या मालकाचा अनुभव आणि एका होज क्लिपची कैफियत

टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा पंखा) पूर्ण बदलावा लागेल, असा लेखी अंदाज हातात पडला नसता तर हा अनुभव मी कदाचित लिहिलाच नसता. माझी मारुती सुझुकी बलेनो आरएस (बलेनोची टर्बो आवृत्ती) २०१८ ची असून मी तिचा दुसरा मालक आहे. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, १०२ पीएस ताकद आणि १५० न्यूटनमीटर टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) ही आकडेवारी अशी गाडी शोधणाऱ्याला पाठच असते, म्हणून थेट बिघाडाकडे वळतो.

नवतप्यातली (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली) दुपार होती आणि नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढून थोडेच अंतर झाले होते. एरवी इंजिनाच्या मिनिटाला सतराशे फेऱ्यांपासूनच अंगात येणारा जोर अचानक गेला, पॅनेलवर इंजिनाचा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी साध्या हजार सीसीच्या गाडीसारखी रेंगाळू लागली. माझ्या ओबीडी स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडून बिघाडाचा कोड वाचणाऱ्या यंत्राने) पी०२९९ हा कोड दाखवला. टर्बोकडून अपेक्षित दाब मिळत नाही, एवढेच हा कोड सांगतो. दाब का मिळत नाही, हे तो सांगत नाही. शहरातील एका सेवाकेंद्राने मात्र तेवढ्यावरून निष्कर्ष काढला. गाडी रात्रभर उभी होती, सकाळी गार इंजिनावर तिची तपासणी झाली, "पाइप तर ठीकच दिसतात सर" असे सांगण्यात आले आणि गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या जवळपास चौथ्या हिश्श्याएवढा अंदाज माझ्या हाती देण्यात आला. तपासणीचे पैसे वेगळे घेतले, हे ओघाने आलेच.

एवढी रक्कम देण्याआधी दुसरे मत घेणे भाग होते. हिंगणा मार्गावरील ज्या मिस्त्रीकडे मी गाडी नेली, त्याने आधी ती चांगली तापेपर्यंत पळवून आणली. मग टर्बोच्या तोंडाशी असलेला एअर फिल्टरकडचा पाइप सोडवून त्याने टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहिला. दांडा बाजूला किंचित हलत होता, तेवढा तो हलायलाच हवा. मात्र आत-बाहेर अजिबात सरकत नव्हता. त्यानंतर त्या तोंडावर टायरचा व्हॉल्व्ह बसवलेले एक झाकण आवळले, कंप्रेसरची हवा भरली आणि इंटरकूलरपासून (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपासून) थ्रॉटलपर्यंतच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतच्या) प्रत्येक जोडावर तो ब्रशने साबणाचे पाणी लावत गेला. एका होज पाइपच्या खालच्या अंगाला, वरून पाहणाऱ्याला कधीही दिसणार नाही अशा जागी, पाइप आवळून धरणाऱ्या क्लिपच्या कडेला लागून नखाएवढी चीर होती आणि तिच्यातून फेस फुगत होता. "भाऊ, टर्बो ठणठणीत आहे, इथं पाहा," एवढेच तो म्हणाला. रबर गार असताना ती चीर मिटलेली असते आणि तापून मऊ झाल्यावर दाबाखाली उघडते. सकाळच्या गार तपासणीत ती सापडणे शक्यच नव्हते.

आता या क्लिपबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते या वयाच्या टर्बो गाड्यांचे निम्मे आजार इथेच सुरू होतात. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी तो पाइप काढला असावा आणि परत बसवताना मूळ स्प्रिंगच्या क्लिपऐवजी स्क्रूने आवळायची, पट्टीला खाचा असलेली बाजारातली स्वस्त क्लिप लावली असावी. स्प्रिंगची क्लिप रबर तापून फुगले की स्वतः उघडते आणि गार होऊन आकसले की परत आवळते. स्क्रूच्या क्लिपला हे जमत नाही. ती एकदा आवळली तेथेच राहते. तापलेले रबर तिच्या खाचांमध्ये शिरून कापले जाते आणि गार झाल्यावर तीच क्लिप सैल पडते. नागपुरात मे महिन्यात दुपारी बॉनेटखालचे रबर अक्षरशः शिजते आणि जानेवारीच्या पहाटे तेच पाइप आठ-दहा अंशांत उभे असतात. या ओढाताणीत काही उन्हाळे काढल्यावर रबराने हार मानली, तर दोष रबराचा नाही. चहाच्या बिलाएवढ्या वस्तूत काटकसर करून लाखाच्या वस्तूवर संशय ओढवून घेणे, हा शहाणपणा मला अजूनही उमगलेला नाही.

बदली म्हणून सिलिकॉनचा पाइप घ्यावा, असा आग्रह अनेकांनी केला. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते, हे खरेच आहे. परंतु टर्बोच्या हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण येतातच आणि साधे सिलिकॉन कालांतराने तेल पाझरू देते. आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असलेला पाइप घेतला तरच त्या खर्चाला अर्थ आहे. शिवाय त्यावर खाचांची क्लिप मुळीच चालत नाही. सपाट पट्टीची टी-बोल्ट क्लिप लागते. मी मूळ रबराचाच नवा पाइप घेतला, क्लिपही स्प्रिंगची घेतली आणि उरलेल्या सर्व जोडांवरच्या क्लिपाही त्याच दिवशी बदलून घेतल्या. कोड परत आलेला नाही आणि टर्बोही तोच आहे.

इंटरकूलर मोठा बसवण्याचा विचार मात्र अजून मनात आहे. येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती; अशा हवेत इंटरकूलर हवा बाहेरच्या तापमानापेक्षा खाली आणू शकत नाही, फार तर त्याच्या जवळ नेतो. सिमेंटच्या रस्त्यांवर सिग्नलला उभे राहिले की स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचे तापमान भराभर चढते आणि गाडी चालू लागली की हळूहळू उतरते. आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये, हे आम्हा नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. मे २०२४ मध्ये शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर तो संवेदकाचा दोष निघाला.

पेट्रोलविषयी माझे मत या काळात पुष्कळ बदलले. परदेशात याच इंजिनाला १११ पीएस होते. आपल्याकडचे तेव्हाचे ९१ ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे अवेळी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता) पेट्रोल लक्षात घेऊन ते १०२ वर आणले गेले. त्यामुळे मी बराच काळ हौसेने लिटरमागे जादा पैसे मोजून ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरत होतो. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र झाले, तेव्हा जुन्या गाडीचा मालक म्हणून माझा संताप झाला, आणि ज्या शहराचे खासदार इथेनॉलचे देशातील सर्वांत मोठे पुरस्कर्ते आहेत त्या शहरात तो व्यक्त करायला श्रोतेही भरपूर मिळाले. मायलेज घटले, यात शंका नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे तसे होणारच. परंतु याच मिश्रणाचे किमान ऑक्टेन ९५ आहे आणि इथेनॉल बाष्पीभवन होताना सिलिंडरमधली हवा अधिक थंड करते. दोन्ही गोष्टी टर्बो इंजिनाच्या पथ्यावर पडतात. नॉकिंगची (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांची) चाहूल लागली की संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो. भर उन्हाळ्यात हे ओढणे पूर्वीपेक्षा कमी झालेले मला स्कॅनरवर दिसते. महाग पेट्रोल भरणे मी बंद केले आहे. रबराबद्दलची धास्ती मात्र कायम आहे, त्यामुळे इंधनाच्या नळ्या मी दर सर्व्हिसिंगला स्वतः वाकून पाहतो आणि गाडी फार दिवस उभी राहू देत नाही, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते.

यामुळेच रीमॅपिंगविषयीचा (इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून ताकद वाढवण्याविषयीचा) माझा विरोधही पूर्वीइतका ठाम राहिलेला नाही. ज्या कारणाने इंजिनाची ताकद कमी केली होती ते कारण आता पंपावर उरलेले नाही, हा युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही मी ते केलेले नाही. वाढलेला टॉर्क आधी क्लचवर येतो, आणि क्लच माझ्या खिशातून येतो. विमा कंपनीला न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी तो मुद्दा उभा राहू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, तेव्हा आवाज करणारा एक्झॉस्ट वगैरे विषय माझ्यासाठी संपला.

सुट्या भागांची स्थिती आता बरी आहे. २०२० मध्ये या गाडीचे उत्पादन बंद झाले, तेव्हा हे इंजिन अनाथ होईल अशी भीती होती. ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपासाठी एप्रिल २०२३ मध्ये झालेल्या रिकॉलमध्ये (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या तेव्हा) ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ दरम्यान बनलेल्या ७,२१३ आरएस होत्या, म्हणजे देशभरात मिळून आमचे कुटुंब एवढेच लहान. त्याच महिन्यात मारुतीची फ्रॉन्क्स आली आणि तिच्याबरोबर आरएसमधले बूस्टरजेट इंजिन परत आले. त्यामुळे या इंजिनाला हात लावायला न बिचकणारे मिस्त्री तरी तयार झाले. मात्र फ्रॉन्क्सच्या इंजिनाला सौम्य हायब्रिडची (इंजिनाला थोडी मदत करणाऱ्या विजेच्या मोटरची) जोड आहे, त्यामुळे "तेच आहे, बसेल" असे दुकानदार म्हणाला तरी भागाचा क्रमांक जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बाकी खर्च किरकोळ आहेत. इंजिन ऑइल मी पाच हजार किलोमीटरला बदलतो, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला तेवढाच आधार असतो. महामार्गावरून आल्यावर गाडी मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करतो. थेट इंजेक्शनमुळे (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारल्यामुळे) हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचते. ती अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याचा मारा करून एकदा काढून घेतली आणि गार इंजिनाची सकाळची थरथर पुष्कळ कमी झाली. मागच्या डिस्क ब्रेकने मला सर्वांत जास्त आनंद दिला, आणि त्यांच्यावर पॅड सोडून काहीच खर्च आलेला नाही.

कोणी ही गाडी जुन्यात घेणार असेल, तर बॉनेट उघडून टर्बो न्याहाळत बसू नये. गाडी किमान अर्धा तास तापवून आणावी, रिकॉलचे काम झाल्याची नोंद मागावी आणि होज पाइपांच्या खालच्या अंगाला आरसा धरून एकेक क्लिप पाहावी. तिथे खाचांची क्लिप दिसली, तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.