'बौद्ध' या शब्दावर बोट ठेवून ६२ हजार नेले

मी खानापूरची, माहेर मराठी. आमचे हे तिबेटी, जन्म इथल्या कर्नाटकातल्याच मुंडगोडच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पात, १९८४ चा. सासूबाई दर थंडीत बेळगावात स्वेटर विकायला यायच्या, त्यांच्या मागनं हे आले ते इथलेच झाले. लग्नाला ११ वर्षं झाली. ह्यांचं कन्नड माझ्यापेक्षा फर्स्टक्लास, मला तर बसचा बोर्ड पण अडखळत वाचता येतो. पण ह्यांच्याकडं देश नाही. आरसी म्हणजे परदेशी माणूस म्हणून नोंदणीचं पुस्तक, ते सारखं रिन्यू करायचं, जागा घ्यायची म्हटलं की समोरचा आरसी बघतो आणि गप्पच बसतो. आमच्या भागात राज्य कुठलं यावरून १९५६ पासून भांडण चाललंय, ह्यांचा तर देशाचाच प्रश्न.

११ मार्च २०२४ ला सीएएचे, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे, नियम आले, टीव्हीवर तेच, आणि महिन्याभरात तो माणूस भेटला. कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. डीसी ऑफिसात, म्हणजे कलेक्टर कचेरीत, सगळं कन्नडमध्ये, मी कावरीबावरी होऊन उभी, तेवढ्यात मागनं मराठीत, "वहिनी, कशाला टेन्शन घेतासा, माझ्यावर सोडा की." खरं सांगते, मी तिथंच फसले. आपल्या भाषेत बोलतोय म्हणजे आपला माणूस. हे म्हणत होते थांबूया, कुणाला तरी विचारूया, मीच ऐकलं नाही.

त्यानं मोबाईलवर बातमी दाखवली, हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन, आणि 'बौद्ध' वर बोट ठेवलं. झालं! त्याच बातमीत खाली लिहिलं होतं की हे फक्त पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातनं ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. तिबेट त्यात नाहीच. पण बोट खाली सरकलं नाही आणि मी पण सरकवलं नाही.

आधी १२ हजार फोनपेवर, मग पोलीस व्हेरिफिकेशनचे म्हणून २० हजार रोख, मग बेंगळूरच्या सहीचे ३० हजार, ते पण रोख. पावती मागितली की "वहिनी, अशा कामाची पावती असते होय?" आणि ह्यांची ओरिजिनल आरसी पण ठेवून घेतली, फाईलला लागते म्हणून. पाच महिन्यांनी लॅमिनेशन केलेलं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट हातात दिलं, शिक्का, सही, सगळं. मी त्या दिवशी पेढे वाटले हो, अख्ख्या गल्लीत.

मग पासपोर्टचं बघायला एका ओळखीच्या वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी कागद उलटापालटा केला आणि दोनच प्रश्न विचारले. ऑनलाईन अर्जाचा फाईल नंबर कुठाय? आणि ह्यांनी निष्ठेची शपथ कधी घेतली? अर्ज पोर्टलवर करायचा असतो, नंबर आपल्याला मिळतो, शपथेला स्वतः हजर राहायला लागतं. ह्यातलं आमच्याकडं काहीच नव्हतं. म्हणाल्या, हा कागद कुठंही दाखवू नका, खोट्या माहितीवर नागरिकत्वाचं काम केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती एजंटला नाही, आधी तुम्हाला विचारतील.

पुढचं ऐकून तर मी खुर्चीतच बसून राहिले. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या मधे भारतात जन्मलेला माणूस कायद्यानं जन्मापासूनच भारतीय, आईबाप कुठले का असेनात. दिल्ली हायकोर्टानं २०१६ मध्ये असल्या तिबेटी लोकांना पासपोर्ट द्या म्हणून सांगितलंय. म्हणजे जे ह्यांच्याजवळ ४० वर्षं आहे ते विकत घ्यायला मी ६२ हजार मोजले! फक्त पासपोर्ट काढताना आरसी परत करायला लागते, आणि आरसी त्या माणसाकडं.

मागायला गेलो तर सूर बदलला. "पोलिसात जा की, फॉरेनर कोण हाय ते तिथं कळंल." ह्यांचा चेहरा पडला. ही एकच धमकी त्याला पुरत होती, आमच्यासारखे अजून किती जण असतील त्याचे, सगळे ह्याच भीतीनं गप्प. शेवटी तक्रार माझ्या नावानं लिहिली, मी तर इथलीच आहे ना, मला कोण काय करणार. फोनपेच्या १२ हजारांचा स्क्रीनशॉट जोडला, बाकीच्या ५० हजारांना पुरावाच नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातला पोरगा आरसी कॅरीबॅगेत घालून दारात ठेवून गेला. पैसे अजून आलेले नाहीत.

आता जन्माच्या दाखल्याचं चाललंय. हे घरीच जन्मले, नोंदच नाही, म्हणून सोमवारी मुंडगोडला जातोय शाळेचं जुनं रजिस्टर बघायला. त्यात तारीख १ जून आहे म्हणे. सासूबाई सांगतात मका कापत होतो तेव्हा कळा सुरू झाल्या. जूनमध्ये कोण मका कापतंय?