गारठा वेगळा, कडाका वेगळा: डाऊन, सिंथेटिक आणि घोंगडी

जुलैत हरिश्चंद्रगडावर पारा 17-18 अंशांच्या आसपास असतो, तरी पहाटे तंबूत दात वाजतात. जानेवारीत लेहला दुपारी पारा शून्याजवळ घुटमळतो, पण उन्हात भिंतीला पाठ लावून बसलं की टोपी काढावीशी वाटते. पहिला गारठा, दुसरा कडाका. जॅकेट घेताना लोक लेबलवर 'उणे 5 अंशांपर्यंत' वगैरे वाचून पैसे मोजतात आणि तेच जॅकेट दोन्हीकडे नेतात. इथेच फसगत होते. तो आकडा कोरड्या जॅकेटचा असतो.

दमट हवा स्वतःच जास्त थंड करते, हा समज चुकीचा आहे. वाफ मिसळल्यामुळे हवेच्या उष्णता वाहून नेण्यात नगण्य फरक पडतो. खरी गडबड कपड्यात होते. ऊब देते ती कपड्यात अडकलेली स्थिर हवा. तिच्या जागी पाणी शिरलं की उष्णता 20 पटींहून जास्त वेगाने निसटते. वर अंगावरचं 1 ग्रॅम पाणी वाळायला सुमारे 580 कॅलरी लागतात. सुती टी-शर्टमध्ये 100 ग्रॅम घाम मुरला असेल, तर तो अंगावर वाळवायला 58 किलोकॅलरी हव्यात, म्हणजे अर्ध्या पोळीहून जास्तच. गारठ्यात ऊन नसतं, वारा सुटलेला असतो आणि हवा आधीच वाफेने भरलेली असते, त्यामुळे कपडा वाळतही नाही आणि गारवा जातही नाही. उणे 10 अंशांची हवा मात्र दर घनमीटरला जेमतेम अडीच ग्रॅम वाफ धरते, 18 अंशांची 15 ग्रॅम. लेहच्या हवेत कपडा भिजवण्याइतकं पाणीच नसतं.

डाऊन जॅकेट हे निखळ कडाक्याचं जॅकेट. बदक-हंसाच्या छातीवरची मऊ पिसं फुलतात आणि भरपूर हवा कोंडून ठेवतात. घेताना नुसता 'डाऊन' हा शब्द बघू नका. तीन आकडे शोधा: मऊ पिसांचं आणि दांडीच्या पिसांचं प्रमाण (90/10 उत्तम, 80/20 चालेल), फिल पॉवर, म्हणजे पिसं किती फुलतात त्याचं माप (600च्या पुढे) आणि भरण किती ग्रॅम. तिसरा आकडा बरेचदा लपवतात, आणि ऊब ठरते ती त्याच्यावरच. 800 फिल पॉवरचं पण मोजकी पिसं भरलेलं जॅकेट 600वाल्या भरगच्च जॅकेटपुढे हरतं. दुकानात जॅकेट उजेडासमोर धरा. कप्प्यांमधून शिलाईच्या रेषा आरपार दिसत असतील, तर त्या प्रत्येक रेषेवर वारा लागणार. स्पिती-लडाखच्या संध्याकाळी थांब्यावर बसताना याच्याइतकी हलकी ऊब दुसरं काही देत नाही.

हेच जॅकेट पावसाळी सह्याद्रीत नेलं तर दुसऱ्या दिवशी संपतं. पाऊस थेट लागायलाच हवा असं नाही, धुकं आणि घाम पुरतात. कप्पा चिमटीत धरून बघा. कोरड्या पिसांचा कप्पा दाबून सोडला की लगेच वर येतो. ओल धरलेला कप्पा चपटाच राहतो आणि आत हरभऱ्याएवढ्या गुठळ्या हाताला लागतात. त्या तंबूत सुटत नाहीत. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेलं डाऊन थोडा जास्त वेळ तग धरतं, पण तेवढ्यावर विसंबून ओल्या हवेत जाऊ नये. कडाक्यातसुद्धा सलग चार-पाच रात्री घाम साठत जातो, म्हणून दुपारच्या उन्हात जॅकेट उलटं करून तासभर पसरावं. स्लीपिंग बॅगमध्ये तोंड खुपसून श्वास सोडू नये, त्याचीही वाफच होते.

गारठ्यासाठी सिंथेटिक भरणीचं जॅकेट घ्या, बिनदिक्कत. तेवढ्याच उबेसाठी ते जड आणि फुगीर पडतं, सॅकमध्ये जास्त जागा खातं, आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर तंतू बसतात. पण पॉलिस्टरचा तंतू पाणी पीत नाही. जॅकेट भिजलं तरी पिळून, झटकून घातलं की बरीच ऊब परत येते. सह्याद्रीला दर चौरस मीटरला 60 ते 80 ग्रॅम भरण पुरे, 100च्या पुढे चढणीवर घाम फुटतो. ते चढताना घालू नका, वर पोचल्यावर ओला टी-शर्ट बदलून मगच घाला. रेनजॅकेट बाहेरून, सिंथेटिक आतून. रेनजॅकेटवर पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळत नसतील आणि कापड काळपट ओलं दिसत असेल, तर वरचा लेप गेलाय. मग आतला घाम बाहेर पडत नाही आणि लोक समजतात जॅकेट गळतंय.

आणि घोंगडी. धनगर पावसात मेंढरांमागे तीच पांघरून उभा राहतो, त्यामागे पक्कं कारण आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओल तंतूच्या आत मुरवते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. ओल मुरताना थोडी उष्णताही सोडते. दख्खनी मेंढीच्या लोकरीतला मूळचा तेलकटपणा पाणी ढकलतो, आणि चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी ताठ राहते. सुरुवातीला ती टोचते, वापरून मऊ होते. साबणाच्या गरम पाण्यात धुतलीत तर तेल आणि खळ दोन्ही जातील आणि ती आटेल. झटकून उन्हात टाकणं एवढीच तिची निगा. सॅकमध्ये ती मावत नाही, म्हणून ट्रेकला नाही. पण मुक्कामाच्या घरात, शेतावर, महाबळेश्वरच्या ओलसर खोलीत तिला तोड नाही. ट्रेकला हाच गुण हवा असेल तर पातळ मेरिनो लोकरीचा बनियन घ्या. तो दोन्ही थंडीत चालतो आणि पैसे लावायचेच असतील तर आधी त्याच्यात लावावेत.

कडाक्यात सोबत जॅकेटएवढंच महत्त्वाचं म्हणजे ओठांना व्हॅसलीन, नाकाच्या आत तुपाचं बोट आणि तहान नसतानाही पाणी. कोरडी हवा प्रत्येक श्वासागणिक अंगातलं पाणी नेते.

डाऊन वर्षातून एकदाच, डाऊनसाठीच्या सौम्य साबणाने धुवा. ओलं असताना खांद्याला धरून उचलू नका, पिसांच्या वजनाने आतल्या शिवणी फाटतात. ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून वाळवा, ड्रायर नसेल तर सावलीत आडवं पसरून दर तासाला गुठळ्या बोटांनी फोडा. पावसाळ्यात धुऊच नका, इथल्या जुलैत ते वाळत नाही आणि कुबट वास धरतं. ठेवताना पिशवीत कोंबू नका, कपाटात सैल टांगा.