सात रस्ता परिसरातील एक मेडिकल : सवलत कमी, पण सल्ला खात्रीचा

सोलापुरात मेडिकलची वाण नाही. मात्र औषध हातात देताना रुग्णाशी दोन शब्द बोलणारा फार्मासिस्ट क्वचितच भेटतो. सात रस्ता परिसरातील या लहानशा दुकानाची शिफारस मी मुख्यतः याच कारणासाठी करीत आहे. गल्ल्यामागे देवाच्या तसबिरीशेजारी प्रा. महादेव लाल श्रॉफ यांचे छायाचित्र लावलेले आहे, आणि ते केवळ शोभेपुरते नाही.

औषध देणारा माणूस म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा कंपाउंडर, अशी समजूत रूढ असलेल्या काळात श्रॉफ (१९०२–१९७१) यांनी १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू केले आणि १९३७ मध्ये तेथेच बी. फार्म. हा पदवी अभ्यासक्रम आकाराला आणला. औषधांतील भेसळ आणि अप्रशिक्षित विक्रेते यांविषयी, औषधांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या चोप्रा समितीने नुकताच इशारा दिलेला होता. त्यामुळे हे शिक्षण ही चैन नसून निकड होती. पुढे भारतीय औषधनिर्माण संघटना आणि तिचे संशोधन नियतकालिक १९३९ मध्ये उभे करण्यातही त्यांचाच पुढाकार होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हे बंधन १९४८ च्या फार्मसी कायद्याने घातले. ते आज कितपत पाळले जाते, हे ग्राहकांना ठाऊकच आहे. प्रमाणपत्र भिंतीवर एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, असे दृश्य नवे नाही.

येथे मात्र प्रमाणपत्रावरील व्यक्तीच स्वतः औषधे देते. प्रतिजैविकांसाठी चिठ्ठी मागितली जाते, ठरावीक औषधांची नोंद वहीत होते, आणि उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेसाठी’ ठेवू नका, असे स्पष्ट बजावले जाते. बिडी कारखान्यातून आलेल्या एका वृद्ध आजींना कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे फार्मासिस्टबाईंनी तेलुगूत समजावले, आजींकडून ते पुन्हा वदवून घेतले आणि पाकिटावर सूर्य-चंद्राच्या खुणाही करून दिल्या. पुढच्या ग्राहकाशी त्या कन्नडमध्ये बोलल्या. सोलापूरच्या बाजारात ही गोष्ट नवलाची नाही. औषधांच्या बाबतीत मात्र तिचे मोल फार मोठे आहे.

इन्सुलिनच्या साठवणीचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. येथील फ्रीजमध्ये तापमापक आहे, औषध बर्फाच्या पिशवीसह दिले जाते आणि ते फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन वापरण्यायोग्य राहत नाही, हेही आवर्जून सांगितले जाते.

उणिवा आहेतच. बिलावरील छपाई पुसट असते, संध्याकाळच्या गर्दीत बराच वेळ थांबावे लागते आणि घरपोच सेवा नाही. इतरत्र मिळते तेवढी सवलतही येथे मिळत नाही. नेहमीच्या गोळ्यांची मोठी खरेदी करणाऱ्यांना हा फरक जाणवेल. चिठ्ठी नवी असेल किंवा घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर दुपारी चारच्या सुमारास, गर्दी नसताना जावे.