'१९१७' की 'ऑल क्वाएट': एकच रात्र असेल तर कोणता लावाल?

अकॅडमीच्या पोरांना लढाईचा एखादा सिनेमा दाखवायचाय, कोणता लावू? हा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. लातूर, अहमदपूर, उदगीर या पट्ट्यात भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या किती आहेत हे इथल्यांना सांगायला नको. पहाटे चारला गाडी काढली की हेडलाइटच्या उजेडात पळणारी पोरंच दिसतात. 'बॉर्डर' त्यांना तोंडपाठ आहे. 'हकीकत' त्यांनी गाण्यांपुरता मोबाईलवर पाहिलेला असतो. म्हणून विचारणाऱ्याला काहीतरी निराळं हवं असतं आणि बोलता बोलता गाडी दोन नावांवर येऊन थांबते: '१९१७' आणि २०२२चा जर्मन 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'.

दोन्ही पहिल्या महायुद्धाचे, दोन्ही फ्रान्सच्या चिखलातले. साधा शिपाई काय बघतो, तेवढंच दाखवायचं, असा दोघांचाही दावा. मी दोन्ही लावून पाहिलेत. एकाच पत्र्याच्या शेडमध्ये, एकाच भाड्याच्या प्रोजेक्टरवर, पंधरा दिवसांच्या अंतरानं, सोयाबीनच्या राशी उरकल्यावर. पोरंही जवळजवळ तीच. त्यामुळं पुढं जे लिहितोय ते त्या दोन रात्रींवरून. तुमच्या गावात निराळं घडू शकतं.

आधी '१९१७'. गोष्ट एका ओळीची. ब्लेक आणि स्कोफील्ड नावाचे दोन लान्स कॉर्पोरल, आपल्या हिशेबानं लान्स नायक. उद्या पहाटेचा हल्ला थांबवा, हा निरोप त्यांनी पायी जाऊन पोचवायचा. नाही पोचला तर सोळाशे माणसं सापळ्यात सापडणार, आणि त्यात ब्लेकचा सख्खा भाऊ. सोळाशे हा आकडा ऐकला आणि शेडमध्ये हशा पिकला. भरतीच्या पोराला सोळाशे म्हणजे फक्त सोळाशे मीटर. 'आज सोळाशे किती मिनटात मारलास?' ही त्यांची सकाळची रामराम. शेवटाकडं स्कोफील्ड खंदकाबाहेर चढून, हल्ल्याला निघालेल्या जवानांच्या आडवा पळत सुटतो तेव्हा तर पोरं उभी राहिली. त्या दृश्यात तो दोन वेळा माणसांना धडकून पडतो. ते पडणं ठरवलेलं नव्हतं, धडक खरोखर बसली आणि स्कोफील्ड झालेला नट जॉर्ज मॅके उठून तसाच पळत राहिला. हे मी आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं तिथं शिट्ट्या दुप्पट.

म्हणजे रात्र गाजवायची असेल तर '१९१७'. यात दुमत नाही.

माझं घोडं अडलं ते त्याच्या आधी, आणि माझा सगळा कल तिथंच ठरला.

हा सिनेमा एका दमात, मध्ये कुठं तोडच नाही असा भास होईल, अशा तऱ्हेनं घेतलाय. रॉजर डिकिन्सला कॅमेऱ्याचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पण पोरांना हे कुठूनतरी आधीच कळलेलं. मग काय, तो जोड शोधायचा खेळच सुरू झाला. अंधाऱ्या बोगद्यात शिरले, 'इथं हाय कट.' खांबाआडून गेले, 'इथं बी हाय.' मी दोनदा दटावलं. पुढं ते शेतातल्या घराचं दृश्य आलं. जळत्या विमानातून ज्या जर्मन वैमानिकाला दोघांनी ओढून बाहेर काढलं, तोच ब्लेकच्या पोटात सुरा खुपसतो. ब्लेक स्कोफील्डच्या हातात पडलाय, बोलतोय, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडावरचा रंग उतरत जातो. आपल्या डोळ्यांदेखत, मध्ये तोड न दिसता. पोरगं मरायलंय. आणि मागच्या ओळीतून आवाज आला, 'सर, ह्याच्यात कट न्हाई! तोंड कसं पांढरं केलं असंल?'

मला त्या पोराचा राग आला. घरी जाताना मोटारसायकलवर विचार केला तेव्हा राग निवळला. पोराचं काय चुकलं? सिनेमाच पहिल्या मिनिटापासून कॅमेऱ्याकडं बघा म्हणतोय. मीही तेच करत होतो, फक्त तोंडानं बोलत नव्हतो. तिसऱ्यांदा बघताना मी ब्लेकसाठी हळहळायच्या ऐवजी कॅमेरावाला कुठून वळला असेल ते शोधत होतो. ही खोड एकदा लागली की जात नाही.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून निवृत्त झालेत. त्या रात्री पहिल्या खुर्चीवर तेच होते. त्यांना कटबिट काही ठाऊक नव्हतं. त्यांचं एवढंच म्हणणं, 'भाच्या, हे पोरगं लई पळायलंय. फौजेत पळणं कमी, बसणं जास्त.'

'ऑल क्वाएट'मध्ये बसणं आहे. चार मित्र शाळेतून उठून, गुरुजींच्या भाषणानं भारून भरती होतात. त्यातला पॉल, सिनेमाचा नायक, तर वय कमी पडतं म्हणून घरच्यांच्या सहीची नक्कल करतो. (अठराच्या आतल्या पोराला पालकांची सही आपल्याकडंही लागते. ते दृश्य आल्यावर दोघा-तिघांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. मी काही विचारलं नाही.) पण सिनेमा पॉलपासून सुरू होत नाही, गणवेशापासून होतो. हाइनरिश नावाचं एक पोरगं हल्ल्यात मरतं. त्याच्या अंगावरचे कपडे काढतात, गठ्ठे बांधतात, मोठाल्या हौदांत धुतात, पाणी लाल होतं. मग बायकांच्या रांगाच्या रांगा शिलाई मशिनवर बसून भोकं रफू करतात. तो गणवेश पुढच्या तुकडीत पॉलच्या हातात येतो. कॉलरच्या आत नावाची पट्टी तशीच. पॉल म्हणतो, हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. टेबलामागचा कारकून पट्टी फाडतो, म्हणतो त्याला लहान झाला असेल, आणि पट्टी टेबलाखाली टाकतो.

शेडमध्ये कुणी बोललं नाही. यामागं आमच्याकडचं एक कारण आहे. अकॅडमीतून जो पोरगा लागतो तो जाताना आपले पळायचे बूट मागच्याला देऊन जातो. चांगला बूट दोन-अडीच हजारांच्या खाली येत नाही आणि बाप उसाच्या फडावर असला की तेवढे निघत नाहीत. त्या बुटांच्या जिभेखाली मार्करनं आधीच्याचं नाव लिहिलेलं असतं. नवीन पोरगा ते पुसत नाही, शुभ मानतो. पहिल्या ओळीतल्या एकानं पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले ते मला पडद्याच्या उजेडात दिसलं.

मामा खुलले ते मात्र हंसाच्या चोरीवर. पॉल आणि काट, म्हणजे वयानं थोराड असलेला त्याचा जोडीदार, एका फ्रेंच शेतकऱ्याकडचा हंस चोरतात आणि सगळे मिळून हाडं चोखेपर्यंत खातात. दुसरं एक दृश्य त्याहून साधं. दोघं शौचाला आडव्या लाकडावर शेजारी-शेजारी बसलेत आणि पॉल काटला त्याच्या बायकोचं पत्र वाचून दाखवतोय, कारण काटला वाचता येत नाही. मामा म्हणाले, त्यांच्या सेक्शनमध्ये एक जण होता, त्याची अंतर्देशीय पत्रं हेच वाचायचे. बायकोनं काही खाजगी लिहिलं असलं की तेवढं गाळून वाचायचे आणि मग तो म्हणायचा, 'मधलं वाच की.' पंचवीस वर्षांत मामांनी ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल याचं आधीच ठरलंय.

'ऑल क्वाएट' शिपायाला सोडून मध्येच निघून जातो. युद्धबंदीची बोलणी करायला एर्झबेर्गर नावाचा जर्मन पुढारी रेल्वेच्या डब्यात जातो, इकडं जनरल ऊबदार वाड्यात जेवतो, असं सगळं दाखवत राहतो. ज्या कादंबरीवरून हा सिनेमा घेतलाय, तिच्यात हे नाही. ते कशासाठी घातलंय हे कळतं. ११ नोव्हेंबर १९१८ला सकाळी अकराला बंदुका थांबणार हे आपल्याला माहीत, खंदकातल्या पॉलला नाही, आणि त्यानं जीव टांगणीला लागतो. पण डबा आला की आमची पोरं पाणी प्यायला उठायची. इथं '१९१७' जिंकतो. तो आपल्या माणसाचा हात एकदाही सोडत नाही.

आणि एक गोष्ट गाळली याचं मला मनापासून वाईट वाटलं. कादंबरीत पॉल सुट्टीवर घरी येतो आणि गावातली मोठी माणसं त्यालाच समजावतात की लढाई कशी जिंकायची. १९३०च्या जुन्या सिनेमात ते आहे, नव्यात नाही. सुट्टीवर आलेला जवान पारावर बसलाय आणि ज्यांनी तालुक्यापलीकडं पाऊल टाकलं नाही ते त्याला सरहद्द शिकवायलेत, हे दृश्य आमच्याकडं कुणाला समजावून सांगायची गरज पडली नसती.

आवाजाचं एक. 'ऑल क्वाएट'ला तीन सुरांचा एक दणका आहे, सारखा परत येतो. मंडपाच्या स्पीकरवर तो असा घुमला की बाहेर शेकोटीला बसलेले भजनी मंडळातले आमचे अण्णा आत आले आणि म्हणाले, 'पेटी कोण वाजवायलंय? भाता फाटलाय तिचा.' आम्ही हसलो. नंतर वाचलं तर अण्णा खरे. संगीतकार फोल्कर बेर्टेलमान यानं आपल्या पणजीची जुनी हार्मोनियम दुरुस्त करून त्यावरच ते सूर काढलेत. त्याला त्याचं ऑस्करही मिळालं. पण स्पीकर निम्म्यावर ठेवा, पत्रा थरथरतो.

भाषेचं म्हणाल तर '१९१७'मध्ये बोलणं कमी, पोरांना इंग्रजी न कळूनही चाललं. दुसरा आम्ही जर्मन आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं ठेवून पाहिला. मला चार-पाच ठिकाणी थांबवून सांगावं लागलं. थांबवण्यानं त्याचं फारसं बिघडलं नाही. '१९१७'ला मात्र वीस मिनिटं लाईट गेली तेव्हा तो मेलाच, परत धाप लागेपर्यंत अर्धा तास गेला. रक्त दोन्हींत आहे, पण दुसऱ्यात ज्यादा. ज्वाळा फेकणारी पथकं येतात तिथं आणि पॉल खड्ड्यात एका फ्रेंच शिपायाला भोसकून मग त्यालाच पाणी पाजायला बघतो तिथं लहान लेकरं असतील तर आधीच घरी पाठवा.

'१९१७'मध्ये ट्रकमध्ये एक शीख शिपाई दिसतो. त्यावरून पोरांनी विचारलं, आपली माणसं होती का तिथं? होती. पण १९१५ संपताना हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवलं, घोडदळ राहिलं. मराठा पलटणींचे हाल झाले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावाच्या वेढ्यात. एप्रिल १९१६मध्ये उपासमारीनं शरण जावं लागलं. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. त्याचे घोडेस्वार, हैदराबाद लान्सर्स, पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले होते. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती त्यांची. या दोन्ही सिनेमांत यातलं काही नाही, त्यामुळं त्या अपेक्षेनं लावू नका.

पालक आणि पाहुणे बसणार असतील, २६ जानेवारी असेल, तर '१९१७' लावा; कुणी नाव ठेवणार नाही. पोरंच असतील आणि दुसऱ्या दिवशी पळायची सुट्टी असेल, तर मी दुसरा लावीन. माझं चुकतही असेल. अकॅडमीचे सर तर तोंडावरच म्हणाले, 'भरतीला निघालेल्या पोरांना हे कशाला?' त्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही, पोरांच्या घरच्यांना उत्तरं त्यांना द्यायची असतात. एवढंच सांगतो, त्या रात्रीनंतर अकॅडमी कुणी सोडली नाही. सकाळी चारला सगळे रस्त्यावर होते.

परवा सरांचा फोन आला. नवीन बॅच आलीय, तो पळायचा सिनेमा पाठवा म्हणाले. पेनड्राइव्हवर दोन्ही टाकून दिले आणि तसं सांगितलंही. ते म्हणाले, 'दुसरा राहू द्या, यादी लागल्यावर बघू.'