आठ महिने ‘डायब्लो ३’ खेळल्यावर

‘डायब्लो ३: इटर्नल कलेक्शन’ हा व्हिडिओ गेम मी आणि धाकटा भाऊ आठ महिने कन्सोलवर एकत्र खेळतोय. खेळात तो बार्बेरियन, म्हणजे रांगडा योद्धा; मी आधी विझर्ड, म्हणजे जादूगार होते, तिसऱ्या महिन्यापासून मेलेल्यांना उठवणारी नेक्रोमॅन्सर. घेताना एवढंच ठाऊक होतं की देवदूत आणि सैतानांच्या युद्धात माणूस भरडला जातो. देवदूतांच्या बाजूने लढायचं, असं मी गृहीत धरलं होतं.

इथे माणसाचं जगच फितुरीतून जन्मलंय. न संपणाऱ्या युद्धाला विटलेला देवदूत इनारियस आणि मेफिस्टो या सैतानाची मुलगी लिलिथ यांनी वर्ल्डस्टोन नावाच्या जादुई दगडाच्या बळावर दोन्ही सैन्यांपासून लपवून सँक्च्युअरी, म्हणजे हे जग, उभं केलं. तिथे फितूर देवदूत-सैतानांना जी मुलं झाली ती नेफालेम, आणि माणसं त्यांचे वंशज. दोन्हीकडचं रक्त अंगात आणि दोन्ही घरांत नकोसे! हे नीट कळलं की चौथा अंक अंगावर येतो. स्वर्गाच्या हिऱ्याच्या दारात डायब्लो या सैतानाने इम्पेरियसला लोळवलेलं असतं, आपण मदतीला धावतो, आणि हा शौर्याचा देवदूत आपल्यावरच आग पाखडतो. भावाने त्या क्षणी कंट्रोलर खाली ठेवला होता. ‘मग आपण लढतोय कुणासाठी?’ म्हणाला. टायरिएल या न्यायाच्या देवदूताने स्वतःचे पंख उपटून मर्त्य माणूस होणं का पत्करलं, ते मला तेव्हा उमगलं.

पाचवा अंक, म्हणजे २०१४ साली आलेला ‘रीपर ऑफ सोल्स’ या पुरवणीचा भाग, मला सगळ्यांत आवडला. मॅल्थेल एके काळी ज्ञानाचा देवदूत, आता मृत्यूचा. सैतानाचा अंश जिथे असेल तिथून खणून काढायचा, हा त्याचा निश्चय. मग माणूस तरी कसा सुटणार? त्याच्या म्हणण्यात कुठे फट सापडत नाही, म्हणून तो डायब्लोपेक्षा जास्त भयंकर वाटतो. वेस्टमार्च शहराच्या गल्ल्यांतले प्रेतांचे खच बघताना आम्ही दोघंही गप्प होतो. त्यापुढे तिसऱ्या अंकातला अझ्मोदान फिका पडतो. पापाचा अधिपती, पण आपला प्रत्येक बेत आधीच येऊन सांगतो, त्यामुळे धाक राहत नाही.

एका स्क्रीनवर चौघांपर्यंत खेळता येतं, तेही नेट नसताना. दोघांचा सूर जमला की मजा काही औरच. भाऊ व्हर्लविंड या हल्ल्याने गर्दीत घुसून गरगरतो, मी मागून सांगाडे सोडते. रथ्माचा सेट, म्हणजे चिलखताचा संच, पूर्ण झाल्यापासून तर माझे सांगाडे घाव घालतील तशी ‘आर्मी ऑफ द डेड’ ही मोठी शक्ती लवकर लवकर परत हाती येते. अडचण एकच: एकाने इन्व्हेंटरी, म्हणजे सामानाची यादी, उघडली की दुसऱ्याचाही खेळ थांबतो. सापडलेली वस्तू झटपट चढवायची सोय आहे, ती वापरा. बाकीची आवराआवर गावात परतल्यावर.

कथा तीन आठवड्यांत संपली. ७० या शेवटच्या लेव्हलनंतर पॅरागॉन, म्हणजे त्यापुढच्या वाढीव लेव्हल, आणि ग्रेटर रिफ्ट्स, म्हणजे वेळ लावून खेळायच्या मोहिमा: १५ मिनिटांत राक्षस मारून पट्टी भरायची, शेवटी गार्डियन, म्हणजे मोठा राक्षस, पाडायचा, मग पुढची पायरी. अशा १५० पायऱ्या आहेत. मारामारी इतकी रसरशीत की हात थांबत नाहीत, पण मला एक गोष्ट खटकत राहिली. रिफ्टमध्ये मॅल्थेलची भुतं आणि नरकातले सैतान खांद्याला खांदा लावून चालून येतात. ज्या वैरावर सगळी गोष्ट उभी आहे, त्याचा तिथे मागमूस नाही. ज्याला फक्त लूट आणि आकडे हवेत त्याला फरक पडणार नाही, मला पडतो. म्हणून दर महिन्याला एकदा आम्ही चौथा आणि पाचवा अंक पुन्हा खेळतो.

गेल्या महिन्यात हार्डकोअर हा प्रकार सुरू केला, तिथे मेलं की पात्र कायमचं गेलं. माणसाचं मर्त्यपण या खेळात इतकं दुसरीकडे कुठेच जाणवत नाही. साध्या खेळात डोळे झाकून पार करायचो त्या कॅल्डियम शहरात बेलियाल या सैतानाच्या घातक हिरव्या वर्तुळांतून आम्ही श्वास रोखून पळत होतो. भाऊ एका वर्तुळात अडकला आणि त्याचं पात्र गेलं. बेलियालला मी एकटीने पाडलं, पण जिंकल्याचा आनंद झाला नाही. भाऊ आता खेळ जिथे सुरू होतो त्या न्यू ट्रिस्ट्रॅमच्या रस्त्यावर पहिल्या लेव्हलपासून परत निघालाय. मी माझी नेक्रोमॅन्सर बाजूला ठेवली आणि त्याच्याबरोबर नवी क्रुसेडर, म्हणजे धर्मयोद्धा, घेतली.