घरी बांधलेला १२ व्होल्टचा लिनिअर सप्लाय: आठ महिने आणि एक नवतपा झाल्यावर

नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, चौथ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला मुलतानी रंगात आला होता आणि आवाज एकदम बंद झाला. लाइट गेली म्हणावं तर पंखा सुरू. उठून रॅकजवळ जाईपर्यंत आवाज परत आला, पाच मिनिटांनी पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला मी डॅकला (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल करणाऱ्या उपकरणाला) वीज देणाऱ्या सप्लायच्या डब्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. आमची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, भिंतीवरचा थर्मामीटर ४१ दाखवत होता. आतली व्होल्टेज स्थिर ठेवणारी रेग्युलेटर चिप, एलएम३१७, तापून स्वतःला बंद करत होती आणि थोडी निवली की परत सुरू होत होती. या चिपमध्ये ती सोय मुळातच आहे, म्हणून माझा डॅक वाचला.

हा लिनिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरवर चालणारा, सप्लाय मी गेल्या ऑक्टोबरात बांधला. डिसेंबरात ओळखीच्या दोघातिघांना त्याबद्दल भरभरून सांगितलंही होतं. त्यातलं बरंचसं आज मागे घ्यायचं आहे, आणि जे मागे घ्यायचं नाही ते का, हेही सांगायचं आहे.

डॅकसोबत आलेला दोन पिनचा अडॅप्टर का काढला, ते थोडक्यात. रात्री हळू आवाजात आलाप लावला की स्पीकरमधून बारीक चिरचिर यायची आणि स्पीकरची केबल लागते त्या आरसीए सॉकेटच्या धातूच्या कड्याला बोट लागलं की झिणझिण्या यायच्या. त्या कड्यापासून अर्थिंगपर्यंत मल्टिमीटरनं मोजलं तर ९७ व्होल्ट एसी. करंट अगदी नगण्य, शॉक बसत नाही, पण तो येतो अडॅप्टरच्या आत लाइन आणि आउटपुटच्या बाजू जोडणाऱ्या छोट्या वाय कपॅसिटरमधून आणि केबलच्या जाळीवरून थेट स्पीकरच्या अॅम्पमध्ये जातो. ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायमध्ये ही वाट जवळजवळ बंद होते. बांधून झाल्यावर त्याच जागी मोजलं, ६ व्होल्ट. झिणझिण्या गेल्या, चिरचिरही गेली. त्या संध्याकाळचा आनंद खरा होता आणि आजही तेवढाच खरा आहे.

सर्किटमध्ये नवल काही नाही. ३५ व्होल्टचा ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, चार डायोडचा ब्रिज, एलएम३१७, अॅडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरड. तो १० चा कपॅसिटर वगळू नका. तो लावला की रिपल (डीसीवर उरलेली लाइनची थरथर) अडवण्याची ताकद साधारण १५ डेसिबलनं वाढते, आणि तो मिळतो दोन-तीन रुपयांत. मात्र लावलात तर शेजारचा संरक्षक डायोडही लावा, नाहीतर आउटपुट शॉर्ट झालं की तो कपॅसिटर चिपमध्येच रिकामा होतो. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानदारानं ८५ अंशांचा मोठा कंडेन्सर पुढे केला होता, मी १०५ चा मागितला, बारा रुपये जास्त गेले. या कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट होतं. नागपुरात बंद डब्यातल्या वस्तूसाठी बारा रुपयांचा विचार करू नये.

पहिल्या रात्री स्पीकरमधून घूं असा हम आला होता. माझ्या पोटात गोळा आला. दोन तास शोधलं. चूक एका काळ्या वायरची निघाली. डॅककडे जाणारी निगेटिव्ह वायर मी ब्रिजच्या टोकाला सोल्डर केली होती. ब्रिजपासून मोठ्या कपॅसिटरपर्यंतच्या तुकड्यातून सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचे मोठे झटके जातात आणि त्या चार सेंटिमीटर तारेवर पडणारा व्होल्टेज तुमच्या आउटपुटमध्ये जमा होतो. वायर तिथून उपटली, कपॅसिटरच्या पलीकडे, रेग्युलेटरच्या रेझिस्टरची टोकं जिथे एकत्र येतात तिथे लावली. स्पीकरला कान लावला. काही नाही. चिप बदलायच्या आधी, महाग कपॅसिटर आणायच्या आधी, ही एक वायर कुठे लागली आहे ते बघा.

इथपर्यंत डिसेंबरातलं कौतुक. आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

दिवाळीनंतर कूलर पुसून, झाकून ठेवले, पंखेही बंद झाले आणि रात्री खोली पूर्ण शांत झाली. तेव्हा कळलं की स्पीकर गप्प आहेत पण डबा गप्प नाही. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुणगुणत होता. आवाज लहान, चार फुटांवरून ऐकू येईल इतकाच. दुसरा कुणी म्हणेल, चार फुटांवरच्या गुणगुणीनं काय बिघडतं. मला बिघडतं, आणि त्याचं कारण सुराचं आहे. ५० हर्ट्झच्या लाइटवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा १०० हर्ट्झवर थरथरतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मंद्र पंचम साधारण १०४ वर असतो. म्हणजे माझ्या खोलीत रात्रभर एक उतरलेला पंचम चालू. तानपुऱ्याची पंचमाची तार शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून थोडी जास्तच ढिली सोडून कुणी छेडत बसावं, तसं. आणि मालकंस लावला तर विचारूच नका. ज्या रागात पंचम वर्ज्य, तानपुरा मध्यमात लावलेला, तिथे कोपऱ्यातून हा बेसूर पंचम. जानेवारीत मी मालकंस ऐकणंच सोडलं होतं.

उपाय सगळे केले. बोल्ट आवळले, खाली रबर दिलं, वरून वार्निश सोडलं, डब्याच्या झाकणाला आतून फेल्ट चिकटवलं. प्रत्येकानं पाच टक्के फरक. मग एक गोष्ट लक्षात आली की दहा वाजता आवाज सोसवतो आणि दीडला सोसवत नाही. एक वही केली. जानेवारीतल्या एका रात्रीची नोंद अशी: ११ ला २३८ व्होल्ट, १ ला २४६, २ ला २५१. मोहल्ल्यातलं लोड उतरलं की व्होल्टेज चढतो, आणि व्होल्टेजबरोबर गुणगुण. दोन्हीचा संबंध इतका सरळ होता की नंतर नंतर मी आवाज ऐकून आकडा सांगायला लागलो.

तेव्हाच मी मित्राला सल्ला दिला होता की टोरॉइडल, म्हणजे गोल कड्यासारख्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घे, तो गप्प असतो. हा सल्ला मागे घेतो. टोरॉइडलच्या गाभ्याला फट नसते, त्यामुळे लाइनमध्ये थोडासा डीसी शिरला तरी तो घुरघुरतो, आणि हाफ-वेव्हवर, म्हणजे लाइनच्या अर्ध्याच लाटेवर, चालणारं एखादं स्वस्त उपकरण शेजारच्या घरात लागलं की डीसी शिरतो. शिवाय त्याची दोन वाइंडिंग एकमेकांवर पसरलेली असतात, म्हणून लाइनमधला वरच्या फ्रीक्वेन्सीचा कचरा सहज पलीकडे जातो. साधा ईआय, म्हणजे ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा, दोन कप्प्यांच्या बॉबिनवर गुंडाळलेला, आपल्या कामाला जास्त बरा. फक्त तो नीट गुंडाळलेला पाहिजे.

मार्चमध्ये कूलर लागले, त्यांच्या आवाजात गुणगुण बुडाली आणि मीही विसरलो. मग नवतपा आला.

त्या दुपारी डबा उघडला. रेग्युलेटरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या छोट्या यू आकाराच्या हीटसिंकवर मी आधी खापर फोडलं, ते काही खोटं नव्हतं. पण डॅकची वायर काढून, लोड शून्य करून तासभर ठेवलं तरी ट्रान्सफॉर्मर हात ठेवू देईना. ज्याच्याकडून काहीच काम घेत नाही, तो इतका का तापावा? मग जी चाचणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती केली. इनॅमलची बारीक तार बॉबिन आणि गाभ्याच्या फटीतून ओवली आणि वाइंडिंगभोवती मोजून दहा वेढे घातले. लाइन २३१ असताना त्या दहा वेढ्यांवर आले २.४१ व्होल्ट. म्हणजे प्रायमरीचे, लाइनला जोडलेल्या वाइंडिंगचे, वेढे साधारण ९६०.

आता हिशेब. स्टॅम्पिंगची, म्हणजे गाभ्याच्या पत्र्याची, मधली जीभ एक इंच, थप्पी सव्वा इंच, क्षेत्रफळ सव्वा चौरस इंच. ५० हर्ट्झसाठी जुना ठोकताळा आहे, सातला चौरस इंचांनी भागा, तेवढे वेढे एका व्होल्टला. सात भागिले सव्वा, ५.६. २३० ला साधारण १२९० वेढे पाहिजेत. माझ्यात सव्वातीनशे कमी. वेढे कमी म्हणजे गाभ्यात चुंबकत्व जास्त, रात्री २५० झाले की गाभा तुडुंब, म्हणून गुणगुण आणि म्हणूनच रिकामा असतानाही ताप. तोच ताप शेजारच्या रेग्युलेटरला. हिवाळ्यातला बेसूर पंचम आणि नवतप्यातलं बंद पडणं, दोन्हीचं मूळ या न गुंडाळलेल्या तारेत होतं. आठ महिने मी फेल्ट चिकटवत बसलो, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्यांनी गुंडाळून दिला त्यांच्याकडे गेलो. सरळ म्हणाले, "भाऊ, ट्रान्सफॉर्मर म्हटलं का एवढा आवाज येतेच. उन्हाळ्यात तर सगळंच गरम होऊन राहिलं." मी म्हटलं, काका, रिकामा लावून ठेवा आणि तासाभरानं हात लावून बघा. ते म्हणाले, आठ महिने वापरला, आता काय तक्रार. आवाज दोघांचेही चढले. शेवटी मी खिशातून तार काढली आणि त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच मीटरवर दहा वेढ्यांचा आकडा दाखवला. ते काही वेळ मीटरकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तांब्याचा भाव पाहा ना. गिऱ्हाईक वजन पाहत नाही, भाव पाहते. बॅटरी चार्जरवाले असेच नेतात, कोणी वापस येत नाही." मला राग होता, पण त्यांचं हे म्हणणं खोटं वाटलं नाही. मीही ५२० रुपयांपर्यंत घासाघीस केली होती.

तीनशे रुपयांत पुन्हा गुंडाळून द्यायचं ठरलं. माझ्या मते त्यातले निम्मे त्यांनी सोसायला हवे होते, ते सोसले नाहीत. जुनी तार मात्र मी मागून घेतली. या वेळी कागदावर लिहून दिलं: एका व्होल्टला सहा वेढे, प्रायमरी १३८०, दोन कप्प्यांचा बॉबिन, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवणं. जास्त वेढ्यांना जागा कशी होईल असं ते म्हणाले. जागा माझ्याच चुकीत होती. डॅक खातो अर्धा अँपिअर आणि मी जास्त बरा म्हणून दोन अँपिअरचं सेकंडरी (आउटपुटच्या बाजूचं वाइंडिंग) सांगितलं होतं. ते एक अँपिअरचं केलं, तार बारीक झाली, जागा निघाली.

सेकंडरीचा व्होल्टेजही १५ वरून १४ केला, आणि हा आकडा वहीतून आला. उन्हाळ्यात संध्याकाळी आठला आमच्याकडे २०४ दिसतात, हिवाळ्यात रात्री २५१. खाली उतरल्यावरही रेग्युलेटरला दोन-अडीच व्होल्टची मोकळीक राहिली पाहिजे, नाहीतर रिपल सरळ आउटपुटला जातो. वर चढल्यावर जितके जास्त व्होल्ट, तितकी उष्णता. १५ वर एलएम३१७ रात्री पावणेपाच वॅट जाळत होता, १४ वर पावणेचार. १३ वर गेलो असतो तर संध्याकाळी हम आला असता. तुमच्या घरचे दोन्ही टोकांचे आकडे आठवडाभर लिहून काढा, मगच ट्रान्सफॉर्मर सांगा.

याच कारणानं एलटी३०४५ या अगदी कमी नॉइजच्या रेग्युलेटरचा बोर्ड घेण्याचा मोह मी सोडला. त्याचा नॉइज ०.८ मायक्रोव्होल्ट, एलएम३१७ त्याच्या जवळपासही नाही. पण त्याचं इनपुट २० व्होल्टपर्यंतच, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरवर माझं डीसी रात्री २१ च्या पुढे जायचं. आता एलएम३१७ च्या मागे तो बसवता येईल, पण स्पीकरला कान लावून काही ऐकूच येत नसताना तेवढे पैसे घालण्याची मला आज गरज दिसत नाही.

हीटसिंक मोठा, चपटा घेतला आणि डब्याच्या बाहेर मागे लावला. एलएम३१७ चा धातूचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो. मायका वॉशर आणि बोल्टची प्लास्टिकची बाही न घालता तो अर्थ केलेल्या डब्यावर कसला आणि डॅकमुळे निगेटिव्हही अर्थला लागलेली असली, की थेट शॉर्ट. कसल्यावर, लाइन लावायच्या आधी, मल्टिमीटरच्या बीपरवर तपासा. बाकी प्रायमरीला फ्यूज आणि तीन पिनची वायर, यात कुणीही काटकसर करू नये.

खर्च: पहिला ट्रान्सफॉर्मर ५२०, बाकी सामान ६४०, डबा ३८०, पुन्हा गुंडाळणं ३००. एकूण १८४०. तयार लिनिअर सप्लायला मला साडेसात हजार सांगितले होते.

नवा ट्रान्सफॉर्मर बसवून तीन आठवडे झाले. रिकामा तासभर ठेवला तर कोमट. दहा वेढ्यांवर आता १.६७ व्होल्ट. परवा पहिला दणक्याचा पाऊस झाला, कूलर बंद होता, रात्री एकला मीटर २४७ दाखवत होता. डब्याला कान लावला तेव्हा गुणगुण ऐकू आली. हातभर मागे सरकलो तर नाही. मग मालकंस लावला आणि संपेपर्यंत ऐकला.